बर्फाच्या तासांचं गणित: प्रादेशिक हौशी आइस हॉकी उभी कशी करायची आणि टिकवायची कशी

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. आइस हॉकी चालवणाऱ्याला त्यात बर्फाचीही भर घालावी लागते. खेळाडू जमतात, जर्सी शिवून होतात, चषकही कुणीतरी देतं. घोडं अडतं ते रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, मिळणाऱ्या तासांपाशी. एका क्लबला हे तास कसेबसे जमवता येतात. पण चार-पाच रिंक, वीस-पंचवीस संघ आणि मधलं शंभर-दीडशे किलोमीटरचं अंतर असा अख्खा प्रदेश सांभाळायचा तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. क्लबचा सचिव, संघाचा कर्णधार किंवा मुलाला सरावाला सोडायला येता येता समितीत ओढला गेलेला पालक, अशांसाठी हा लेख आहे.

पायरी १: आधी तास मोजा, मग संघ

प्रत्येक रिंककडून एकच गोष्ट लेखी मागवा: पुढच्या हंगामात कोणत्या वारी, किती ते किती बर्फ तुमचा. 'बघू, करू काहीतरी' हे उत्तर आलं की तिथे शून्य लिहा. फिगर स्केटिंगचे वर्ग आणि लोकांसाठीचं खुलं स्केटिंग यांनाही तोच बर्फ हवा असतो. फिगर स्केटिंगला उणे तीन-चार अंशांचा जरा मऊ बर्फ चालतो, हॉकीला उणे पाच-सहाचा कडक लागतो. बर्फ सारखा मऊ-कडक करत बसावं लागू नये म्हणून सुटे सुटे तास मागण्याऐवजी सलग तीन-चार तासांचा तुकडा मागितला, तर रिंकच्या व्यवस्थापकालाही ते सोयीचं पडतं आणि तो हो म्हणण्याची शक्यता वाढते.

आता हिशेब. समजा एका रिंकवर आठवड्याला १६ तास मिळाले आणि हंगाम २२ आठवड्यांचा आहे. झाले ३५२ तास. दुरुस्ती, सुट्ट्या, रिंकचे स्वतःचे कार्यक्रम यांसाठी दहा टक्के सोडा. उरले साधारण ३१६.

आठ संघांच्या एका डिव्हिजनमध्ये (कौशल्यानुसार पाडलेल्या गटात) प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं तर ५६ सामने होतात. दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम असे चार धरून ६०. सामन्याला सव्वा तास धरला तर ७५ तास लागतात. अशी तीन डिव्हिजन केली की २२५ तास संपले आणि हातात ९१ राहिले, म्हणजे आठवड्याला जेमतेम चार तास. मुलांचे वर्ग, नव्यांचे वर्ग, गोलकीपरचा सराव आणि रेफरींचं प्रशिक्षण हे सगळं त्या चार तासांत बसवायचं आहे. चौथ्या डिव्हिजनची मागणी आली की हा कागद समोर ठेवा. चौथी डिव्हिजन या चार तासांतूनच येणार, आणि हे तास गेले की तीन-चार वर्षांनी पहिल्या तीन डिव्हिजनना खेळाडू मिळत नाहीत. माझा आग्रह आहे की शिकण्याचे तास आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात सामने बसवावेत. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं.

सव्वा तास का, ते सांगतो. पंधरा मिनिटं बर्फ नवा करायला जातात. पूर्वी हे काम तीन-चार माणसं तासभर घासून, पाणी मारून करायची. फ्रँक झॅम्बोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं यंत्र तयार केलं आणि ते मिनिटांवर आलं. तरीही नवा आयोजक वेळापत्रक आखताना हे यंत्रच विसरतो, आणि रात्रीचा शेवटचा सामना अर्धा तास उशिरा सुरू होतो. उरलेल्या ६० मिनिटांत चार मिनिटं वॉर्म-अप, १५ मिनिटांचे तीन पिरियड आणि मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. घड्याळ थांबवायचं नाही. फक्त शेवटच्या दोन मिनिटांत, तेही दोन किंवा कमी गोलांचा फरक असेल तरच, थांबवायचं. आंतरराष्ट्रीय सामन्यासारखे थांबत्या घड्याळाचे २० मिनिटांचे तीन पिरियड हौशी लीगला परवडत नाहीत. शिक्षेची मिनिटं मात्र त्याला साजेशी करा. घड्याळ अखंड पळत असेल तर दोन मिनिटांच्या साध्या पेनल्टीला (चुकलेल्या खेळाडूने तेवढा वेळ बाहेर बसायचं) काही धार राहत नाही, ती तीन मिनिटांची करावी.

तलाव किंवा उघड्या मैदानातला नैसर्गिक बर्फ हाताशी असेल तर तो फुकटचा तास वाटतो, पण त्याला वेगळा नियम लावा. कॅनडाच्या रेड क्रॉसच्या सूचनेप्रमाणे एकट्या स्केटरला किमान १५ सेंटीमीटर आणि गटाने खेळायला किमान २० सेंटीमीटर जाडी लागते. बर्फ नितळ, निळसर हवा. पांढरट बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा असतो. जाडी एका जागी मोजून भागत नाही, प्रवाह किंवा झरा असतो तिथे ती झपकन कमी होते. असा बर्फ सरावाला आणि मुलांच्या खेळाला वापरा. लीगचं वेळापत्रक त्याच्या भरवशावर आखू नका.

पायरी २: प्रदेशाचा नकाशा आणि छोटी समिती

प्रत्येक संघाने प्रत्येक गावी जायचं हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री अकराला बर्फाळ रस्त्यावरून दोन तास गाडी चालवून झाल्यावर कुणी न्यायाचं नाव काढत नाही. दोन उपाय चालतात. पहिला, प्रदेशाचे दोन-तीन विभाग पाडा, बहुतेक सामने विभागातच ठेवा आणि विभागाबाहेरचे मोजके करा. दुसरा, एका शनिवारी एकाच रिंकवर चार संघ बोलवा आणि प्रत्येकाचे दोन सामने उरका. एका प्रवासात दोन सामने होतात, रेफरीही एकदाच बोलवावे लागतात. लहान गावातल्या रिंकलाही वर्षातून एकदा हा मान द्यावा. गावकरी बघायला येतात आणि पुढच्या वर्षी तिथून चार नवी मुलं नोंदणीला येतात.

देशाच्या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न व्हा. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ १९०८ मध्ये पॅरिसला स्थापन झाला आणि आज नियमावलीपासून प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमापर्यंतची साखळी त्याच्याकडून राष्ट्रीय संघटनांमार्फत खाली येते. संलग्नतेचा व्यवहारातला फायदा म्हणजे विमा, रेफरींची मान्यता आणि मुलांना वरच्या पातळीवर निवड चाचणी देण्याची वाट. वेगळी नियमावली लिहायच्या फंदात पडू नका. राष्ट्रीय नियमावली जशीच्या तशी घ्या आणि तुमचे अपवाद दोन पानांत लिहा.

समिती पाच ते सात जणांची पुरे. त्यात एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: शिस्तीची उपसमिती वेगळी हवी, आणि ज्या डिव्हिजनचं प्रकरण असेल त्यातला कर्णधार निर्णयाला बसता कामा नये. आपल्या संघातल्या माणसावर बंदी घालायची वेळ आली की भल्याभल्यांची तत्त्वं वितळतात. आणि हे सगळं काम घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजण्यासारखं असल्याने प्रत्येक पदाला दोन वर्षांची मुदत ठेवा. नाहीतर एकच सचिव दहा वर्षं सगळं ओढतो, एक दिवस कंटाळून जातो आणि खेळाडूंची यादी त्याच्या जुन्या संगणकात राहते.

पायरी ३: फी ठरवताना गोलकीपर आधी

खर्चात बर्फाचं भाडं सगळ्यात मोठं, मग रेफरींचं मानधन, विमा आणि सामायिक साहित्य. एकूण खर्चाला खेळाडूंच्या संख्येने भागा, पण संघात १५ जण येणार असले तरी भागाकार १३ ने करा. हंगामाच्या मध्यावर कुणी दुखापतीने, कुणी बदलीने गळतोच. बर्फाचं भाडं मात्र कुणी गेला म्हणून कमी होत नाही.

गोलकीपरशिवाय सामना होत नाही, आणि त्याचं साहित्य इतरांपेक्षा कितीतरी महाग असतं. त्याला फी माफ केली तर उरलेल्या चौदा जणांवर प्रत्येकी फक्त एक चौदांश, म्हणजे साधारण सात टक्के भार वाढतो. त्या बदल्यात प्रत्येक सामन्याला गोलमध्ये माणूस उभा असतो. याहून स्वस्त सौदा मला तरी ठाऊक नाही. शिवाय प्रदेशभरातल्या राखीव गोलकीपरांची एक यादी ठेवा आणि त्यांना एका डिव्हिजनने वर किंवा खाली खेळण्याची मुभा द्या. पॅड, ब्लॉकर (स्टिक धरणाऱ्या हातातला ढालीसारखा हातमोजा), कॅचिंग ग्लव्ह आणि मास्क असे दोन-तीन संच लीगच्या मालकीचे असावेत. 'एकदा उभा राहून बघतो' म्हणणाऱ्या माणसाला त्याच आठवड्यात उभं करता आलं पाहिजे. पुढच्या महिन्यात त्याचा विचार बदललेला असतो.

पायरी ४: डिव्हिजन, म्हणजे खरी डोकेदुखी

हौशी लीग मोडते ती बहुधा इथे. सगळ्यात खालची डिव्हिजन नवशिक्यांची असते आणि जिंकायला चटावलेला एखादा कर्णधार तिथे लहानपणापासून खेळलेले दोघे आणून बसवतो. ते दोघे सामन्याला सहा गोल करतात. समोरच्या संघातले चाळिशीत पहिल्यांदा स्केट घातलेले लोक पुढच्या वर्षी येत नाहीत. वरच्या डिव्हिजनचे खेळाडू कुठेही खेळतील, त्यांना खेळाचं व्यसन असतं. प्रदेशात खेळ वाढतोय की आटतोय हे खालच्या डिव्हिजनवरून कळतं, म्हणून पहारा तिथे हवा.

हंगामाआधी दोन खुली सत्रं घ्या आणि प्रत्येक नव्या माणसाला संघाबाहेरच्या दोघांकडून गुण द्या: पुढे स्केटिंग, मागे स्केटिंग, दोन्ही बाजूंना थांबणं, पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) ताबा. मागे स्केटिंग आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना थांबणं पाहिलंत तरी माणूस पुरेसा कळतो. मुद्दाम वाईट खेळणारेही असतात, पण पाय खोटं बोलत नाहीत. वळताना गुडघा किती वाकतो यावरून जुना स्केटर ओळखू येतो. मग पहिले तीन सामने तात्पुरते धरा आणि त्यानंतर संघ वर-खाली हलवायचा अधिकार समितीकडे ठेवा. हे नोंदणीच्या अर्जावरच छापा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

एक सोपी कसोटी: डिव्हिजनमधले बरेच सामने पाच किंवा जास्त गोलांच्या फरकाने सुटत असतील तर तुमची वाटणी चुकली आहे. गुणतक्त्यात फरक पाचपेक्षा जास्त मोजूच नका, धुलाई करण्याचा मोह त्याने कमी होतो. बदली खेळाडू त्याच किंवा खालच्या डिव्हिजनमधूनच घ्यायचा, वरून नाही. ठरलेल्या तारखेनंतर संघाची यादी बंद.

पायरी ५: मुलं

रिंक साधारण ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असतो. सात वर्षांच्या मुलाला त्यावर पूर्ण सामना खेळायला लावलं तर एकच चपळ मूल पक घेऊन पळतं आणि बाकीची त्याची पाठ बघतात. म्हणून लहानांना रिंकच्या रुंदीवर खेळवा. फोमचे अडथळे लावून तीन भाग करा, प्रत्येकात छोटे गोल, चारास चार. एका वेळी २४ मुलं खेळतात आणि तेवढीच बदलीला उभी राहतात. पूर्ण रिंकवर एका वेळी बारा खेळली असती. आठ वर्षांखालच्यांसाठी ही पद्धत अमेरिकेच्या संघटनेने २००९ मध्ये आणलेल्या विकास आराखड्यात रुजवली, आणि कॅनडाने सगळ्यात छोट्या गटाला ती २०१७ च्या हंगामापासून सक्तीची केली. पालक कुरकुरतात की 'हा खरा खेळ नाही'. त्यांना स्टँडमध्ये बसवून आपल्या मुलाच्या स्टिकला पक किती वेळा लागला ते मोजायला सांगा. नेहमीचा पक १५६ ते १७० ग्रॅमचा असतो, छोट्यांसाठी सुमारे ११३ ग्रॅमचा निळा पक मिळतो. मनगट कोवळं असताना तोच वापरा.

दहा वर्षांच्या मुलांतून 'निवडक संघ' काढण्याची घाई नको. रॉजर बार्नस्ली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की कॅनडाच्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमध्ये जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेले फार जास्त आणि वर्षअखेरीस जन्मलेले फार थोडे होते. वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. त्यामुळे जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठं असतं, आणि प्रशिक्षकाला त्या उंचीतच प्रतिभा दिसते. सराव गट कौशल्यावर पाडा, पण हंगामात दोनदा नव्याने पाडा.

बॉडी चेकिंगबद्दल, म्हणजे समोरच्याला अंगाने धडक देऊन अडवण्याबद्दल, वाद घालत बसू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना होती. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात या वयात चेकिंगला परवानगी होती, क्वेबेक प्रांतात नव्हती. अल्बर्टातल्या मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटातून चेकिंग काढून टाकलं. मोठ्यांच्या हौशी लीगलाही त्याची गरज नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं.

मुली आणि महिलांबद्दल एकच प्रश्न स्वतःला विचारा: त्यांना मिळालेला तास रात्री साडेदहाचा आहे का? महिलांचं पहिलं अधिकृत जागतिक अजिंक्यपद १९९० मध्ये ओटावात झालं आणि ऑलिंपिकमध्ये त्यांचा खेळ १९९८ मध्ये नागानोत आला. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बऱ्याच जणींना लहानपणी खेळायला संघच नव्हता. त्यांच्यासाठी प्रौढ नवशिक्यांचा वर्ग, स्वतंत्र ड्रेसिंग रूम आणि संध्याकाळचा धड तास द्या. एवढं केलंत तर वेगळी जाहिरात फारशी करावी लागत नाही.

पायरी ६: रेफरी पळून जाऊ नयेत म्हणून

रेफरी कमी पडतात याचं पहिलं कारण पैसा नाही, शिव्या आहेत. सोळा वर्षांची मुलगी शिट्टी घेऊन उभी राहते, स्टँडमधला बाप तिच्यावर ओरडतो, आणि ती शिट्टी परत करते. म्हणून रेफरीशी फक्त कर्णधार बोलेल, प्रेक्षकाने त्रास दिला तर त्याच्या संघाला ताकीद आणि दुसऱ्यांदा झालं तर सामना थांबेल, हे कागदावर असू द्या आणि पहिल्याच महिन्यात एकदा करूनही दाखवा.

खालच्या डिव्हिजनला दोन रेफरी पुरतात. वरच्या डिव्हिजनना एक रेफरी आणि दोन लाइन्समन (रेषांवर लक्ष ठेवणारे साहाय्यक) ठेवा. नव्याला नेहमी अनुभवी माणसाबरोबर जोडा, दोन नवे एकत्र कधीच नको. मानधन सामना संपल्यावर त्याच रात्री द्या. प्रत्येक संघाने दरवर्षी एक माणूस रेफरीच्या अभ्यासक्रमाला पाठवायचा, नाही पाठवला तर नोंदणीच्या वेळी जास्त रक्कम भरायची. ज्याने एकदा ऑफसाइडची रेष सांभाळली आहे तो पुन्हा रेफरीवर सहसा ओरडत नाही.

एका सामन्यात तीन पेनल्टी झाल्या की खेळाडू त्या रात्रीपुरता बाहेर. मारामारी केली तर सामन्यातून बाहेर आणि वर ठरलेली बंदी. चौकशीची वाट न बघता किमान बंदी आपोआप लागली पाहिजे.

पायरी ७: सुरक्षितता

मुलांना पूर्ण चेहऱ्याची जाळी हवीच. मोठ्यांनाही ती सक्तीची केलीत तर पहिला महिना कुरकुर होईल, नंतर कुणाला आठवणार नाही. मानेचं संरक्षक मात्र बिनतक्रार सगळ्यांना. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला सामना चालू असताना स्केटचं पातं मानेला लागून अ‍ॅडम जॉन्सन या खेळाडूचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये वरिष्ठ खेळाडूंनाही ते सक्तीचं केलं.

डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी खेळाडू त्या दिवशी बर्फावर परत जाणार नाही. 'मला बरं वाटतंय' हे त्याचं मत ग्राह्य धरायचं नाही. परतीचा मार्ग सहा टप्प्यांचा असतो, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास लागतात, आणि अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी डॉक्टरांची परवानगी. प्रत्येक रिंकच्या स्कोअररच्या टेबलावर एक पान चिकटवा: डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे, रुग्णवाहिका कोणत्या दाराशी येईल, त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे. ही किल्लीची ओळ हमखास राहून जाते.

हवेचाही विचार करा. बंद रिंकमध्ये गॅसवर चालणारं बर्फ घासायचं यंत्र बिघडलं किंवा वायुवीजन अपुरं पडलं तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड साचतात. एकाच रात्री बऱ्याच जणांना डोकेदुखी आणि खोकला झाला तर तो योगायोग समजू नका. अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्रणेची तपासणी हा रिंकचा विषय असला तरी तिचा ताजा दाखला मागण्याचा हक्क भाडेकरूला आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातल्या फर्नी इथल्या रिंकमध्ये अमोनियाच्या गळतीने तीन माणसं दगावली होती.

पायरी ८: बर्फ नसतानाचे महिने

रिंक बंद झाला की खेळाडू पांगतात. सपाट सिमेंटवर इनलाइन स्केट (एका रांगेत चाकं असलेले) घालून किंवा नुसत्या बुटांनी चेंडू घेऊन बॉल हॉकी खेळवा. ही दुधाची तहान ताकावर भागवणं आहे हे खरं, पण नवी माणसं याच वाटेने येतात, कारण पहिल्या दिवशी त्यांना स्केटिंग यावं लागत नाही. वापरलेल्या साहित्याची अदलाबदल याच काळात ठेवा. मुलांचे पाय वाढतात, स्केट तेवढेच राहतात. जमा झालेल्या जोड्यांतून पंधरा-वीस उसन्या द्यायला लीगकडे ठेवा आणि द्यायच्या आधी पाती धार लावून घ्या. बोथट पात्यावर घसरलेलं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

रेफरींचा वर्ग हंगामाच्या सहा आठवडे आधी, नोंदणी त्याच सुमारास, कौशल्य चाचणी दोन आठवडे आधी. पण पुढच्या हंगामाच्या तासांचं पत्र या सगळ्याच्या कितीतरी आधी, अंतिम सामन्याच्या आठवड्यातच रिंकच्या व्यवस्थापकाकडे जायला हवं. सोबत या वर्षी घेतलेले, वापरलेले आणि वाया गेलेले तास डिव्हिजनवार लिहून द्या. वाया गेलेल्यांचा आकडा लपवू नका, त्याच्याकडे तो असतोच.